हरताळ

पिवळ्या रंगाविषयी आपण फारसे सावध नसतो. हळदीने आपल्याला तसे शिकवले आहे. स्वयंपाकघरात, देवघरात, लग्नमंडपात आणि जखमेवरही तीच असल्यामुळे बोटाला लागलेले पिवळे पुसून टाकण्याची घाई कोणी करीत नाही. १९८७ च्या जानेवारीत, एका रविवारी सकाळी, आमच्या चौदा महिन्यांच्या मुलीचा तळहात पिवळा झालेला पाहून माझी पत्नी हसली, ती याच विश्वासापोटी. ‘कुठल्या डब्यात हात घालून आलीस गं?’ असे म्हणून ती चहाकडे वळली. तो रंग हळदीचा नव्हता, हरताळाचा होता. तो घरात मी आणला होता, मी कुटला होता आणि आदल्या रात्री माझ्याच टेबलावरून तो खाली सतरंजीवर सांडला होता. या प्रसंगाचा एक भाग मी पुढे मित्रमंडळीत अनेकदा सांगितला. दुसरा भाग अडतीस वर्षे कोणाला सांगितला नाही. तो आता सांगणे भाग आहे.

हरताळ हे संस्कृत ‘हरिताल’ या शब्दाचे मराठी रूप. गंधक आणि आर्सेनिक यांचे हे नैसर्गिक खनिज. रसायनशास्त्रात त्याला आर्सेनिक ट्रायसल्फाइड म्हणतात आणि त्याच्या वजनाचा सुमारे ६१ टक्के भाग निव्वळ आर्सेनिकचा असतो. मनशीळ ही त्याची तांबडी बहीण आणि सोमल हा त्याचा पांढरा, सर्वांत घातक भाऊ. या तिघांची नावे आपल्या जुन्या वैद्यकात एकत्र येतात. रसशास्त्राच्या ग्रंथांत हरताळाचे पत्रताल आणि पिंडताल असे दोन प्रकार सांगितले आहेत. पहिला अभ्रकासारखा पापुद्र्यापापुद्र्यांचा, सोन्यासारखा चमकणारा, आणि म्हणून श्रेष्ठ. दुसरा गोळ्यासारखा, निस्तेज. लॅटिन भाषेतही त्याचे नाव ‘सोन्याचा रंग’ अशा अर्थाचेच आहे. मात्र ज्या ग्रंथांनी त्याचे गुण गायिले, त्यांनीच अशुद्ध हरताळ आयुष्याचा नाश करतो असे बजावले आहे, आणि कोहळ्याचा रस, तिळाच्या क्षाराचे पाणी, चुन्याची निवळी यांत दोलायंत्राने त्याला शिजवून काढण्याचा विधी दिला आहे. जुने लोक या पदार्थाला भीत होते, ही गोष्ट आपण विसरतो.

वैद्यांइतकाच हरताळ लेखनिकांच्या कामाचा होता. आसामातील सत्रांत सांचीच्या सालीवर लिहिलेल्या ज्या पोथ्या आहेत, त्यांच्या संदर्भात ‘हेंगुल-हाइताल’ हा जोडशब्द तिथे आजही ऐकू येतो; हिंगुळाचा तांबडा आणि हरताळाचा पिवळा. त्या पिवळ्या लेपाने पान देखणे होई आणि कीडही दूर राही. नेपाळातील हरताळाने माखलेला पिवळा कागद याच कारणासाठी प्रसिद्ध होता. गुजरात आणि राजस्थानातील जैन ज्ञानभांडारांत हरताळ हे लेखनसाहित्याचे नित्याचे अंग होते. आपल्याकडील मराठी आणि संस्कृत पोथ्यांत त्याचा मुख्य उपयोग एकच, चूक झाकणे. कागद काळजीपूर्वक खळ लावून, घोटून तयार केलेला असे. खोडले तर पान विद्रूप होई, खरवडले तर कागद उसवे. तेव्हा लेखनिक डिंकाच्या पाण्यात खललेला हरताळ कुंचल्याने चुकलेल्या अक्षरावर फिरवी आणि तो वाळला की त्यावरच शुद्ध अक्षर लिही. घोटलेल्या कागदाचा रंगही पिवळसरच असल्यामुळे दुरुस्ती दुरून कळत नसे. एखाद्या गोष्टीला ‘हरताळ फासणे’ हा आपला वाक्प्रचार या लेखनिकांच्या बैठकीवरून आलेला आहे. दुकाने बंद ठेवण्याचा ‘हरताळ’ वेगळा. तो हाट आणि ताळा, म्हणजे बाजार आणि कुलूप, यांच्यापासून गुजरातीच्या वाटेने आलेला. उच्चार एक झाल्यामुळे दोघांचे नाते असावे असे उगाच वाटते, एवढेच.

मी त्या वेळी वडोद्यात राहत होतो. एका महाविद्यालयात तात्पुरत्या नेमणुकीवर मराठी शिकवीत होतो आणि अठराव्या शतकातील एका आख्यानकाव्याची चिकित्सक आवृत्ती हा माझ्या प्रबंधाचा विषय होता. काव्याच्या तीनच पोथ्या उपलब्ध होत्या. एकीचे शेवटचे पान नव्हते. दुसरीत समारोपाच्या ओव्याच नव्हत्या. तिसरी पोथी शहरातल्या एका जुन्या मराठी कुटुंबाकडे होती. शके १७०८ मध्ये, म्हणजे १७८६ च्या सुमारास, नकललेली. त्या घरातल्या आजींनी ती लाल कापडाच्या बासनासह माझ्या हाती दिली. ‘ग्रंथालयात बसून काय होणार? घरी ने. मात्र देवाजवळ ठेव हो,’ असे त्या म्हणाल्या. पावती मागितली नाही, दिवस ठरवला नाही. आज कोणत्याही संग्रहाचा नियम असा व्यवहार मान्य करणार नाही, आणि ते योग्यच आहे.

या पोथीचा लेखनिक मोठा शिस्तीचा होता. पन्नासेक पानांत त्याने चाळीसएक ठिकाणी हरताळ लावला होता; कुठे एक अक्षर, कुठे वेलांटी. प्रत्येक ठिकाणी वर नवे अक्षर लिहिलेले होते. मात्र शेवटच्या पानावर, जिथे कवीने आपले नाव आणि गुरूचे नाव गुंफावे अशी रीत, तिथे चरणाचा जवळजवळ अर्धा भाग हरताळाने झाकलेला होता आणि त्यावर काहीही लिहिलेले नव्हते. चार किंवा पाच अक्षरांची ती पिवळी पट्टी कोरी होती. त्या पट्टीने माझी झोप उडवली. काव्य ज्याच्या नावावर परंपरेने चालत आले होते, त्याचे नाव तिथे बसत नव्हते. अक्षरे कमी पडत होती. मग कोणाचे नाव होते? ते कोणी झाकले? कवीच्या शिष्याने, की पोथी ज्याच्यासाठी नकलली त्या यजमानाने? माझ्या प्रबंधाला जे तेज हवे होते ते त्या पिवळ्या पट्टीखाली आहे, अशी माझी खात्री झाली. सव्विसाव्या वर्षी अशी खात्री फार लवकर होते.

पाठचिकित्सेचे शास्त्र मला ठाऊक नव्हते असे नाही. भांडारकर संस्थेची महाभारताची आवृत्ती समोर होती. सुमित्र मंगेश कत्रे यांचे पाठचिकित्सेवरील १९४१ चे पुस्तक मी टिपणे काढून वाचले होते. पोथी ही साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला हात लावायचा नसतो, हे पहिले सूत्र मी विद्यार्थ्यांनाही सांगत असे. तरीही मी मनाशी असा युक्तिवाद केला की, हरताळ हा नंतर बसलेला थर आहे. तो दूर केला तर मूळ साक्ष मोकळी होईल. त्यासाठी आधी प्रयोग करून पाहावा, एवढी शास्त्रीयता मी दाखवली. मांडवीच्या बाजूला एका गांध्याच्या दुकानात (गुजरातीत जडीबुटी विकणाऱ्याला गांधी म्हणतात) हरताळ मिळाला. दुकानदाराने तो वर्तमानपत्राच्या कपट्यात बांधून दिला. काही विचारले नाही, काही सांगितलेही नाही. घरी येऊन मी तो वेलदोडे कुटायच्या दगडी खलात कुटला. हरताळ फार मऊ असतो. नखानेही त्यावर चरा उमटतो, पण पापुद्र्यांमुळे तो चटकन बारीक होत नाही, सरकतो, उडतो. मी पंखा लावून बसलो होतो. उडालेली पूड चष्म्यावर बसली ती मी फुंकरीने काढली.

हातकागदाच्या एका तुकड्यावर काजळाच्या शाईने चार शब्द लिहून, त्यांवर डिंकात कालवलेला हरताळ लावून मी आठवडाभर वाळू दिला. मग दाढीच्या पात्याने तो अलगद खरवडला. खालची अक्षरे जशीच्या तशी निघाली. त्या आनंदात शनिवारी रात्री, पत्नी आणि मुलगी झोपल्यावर, मी पोथीचे शेवटचे पान टेबलावर घेतले.

आठवड्याचा डिंक आणि दोनशे वर्षांचा डिंक यांत किती अंतर असते, ते मला त्या रात्री समजले. हरताळ सुटेना. जोर दिला तेव्हा तो खपलीसारखा निघाला आणि खपलीच्या मागच्या बाजूला काळे कण चिकटून आले. शाई कागदाला धरून राहिली नव्हती, हरताळाला धरून राहिली होती. मी थांबायला हवे होते. पण पहिल्या अक्षराचा काना दिसल्यासारखा वाटला आणि मी पुढे गेलो. अर्ध्या तासाने पानावर फक्त खरवडलेले तंतू उरले. एकही अक्षर वाचता आले नाही. पिवळी-काळी भुकटी मी एका कागदावर गोळा केली आणि तिची पुडी बांधली. त्या कणांतून उद्या दिवसाच्या उजेडात काही जुळवता येईल अशी वेडी आशा होती. जी भुकटी टेबलाच्या कडेवरून खाली गेली, तिकडे माझे लक्षही नव्हते.

सकाळी शेजारचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक नेहमीप्रमाणे वर्तमानपत्र न्यायला आले. माझ्याहून वीसएक वर्षांनी मोठे, बोलणे कमी. त्यांनी मुलीचा तळहात पाहिला, मग टेबलाखालची सतरंजी पाहिली. ‘हे काय आहे?’ मी सांगितले. त्यांचा चेहरा बदललेला मला आजही आठवतो. ‘पंखा बंद करा,’ हे त्यांचे पहिले वाक्य. दुसरे, ‘वहिनी, हिला उचला आणि नळाखाली हात धरा. साबण लावा, नखांत बघा. तोंडात बोट घातलं होतं का?’ आमच्यापैकी कोणालाच ते सांगता येईना.

पत्नी केरसुणी घ्यायला वळली तेव्हा ते जवळजवळ ओरडले, ‘केरसुणी नको! झाडलंत तर ती सगळी हवेत जाईल.’ मग त्यांनी जे केले ते मी पुढे आयुष्यभर लक्षात ठेवले. खिडक्या उघडल्या, पण वारा आरपार वाहू दिला नाही. नाकातोंडाला रुमाल बांधला. जुनी धोतरे फाडून ती ओली केली आणि बाहेरून आत अशा रीतीने टेबल, फरशी, खुर्चीचे पाय टिपून घेतले. प्रत्येक फडके एकदाच वापरून प्लास्टिकच्या पिशवीत. सतरंजी झटकली नाही, गुंडाळून दुसऱ्या पिशवीत. माझा सदरा त्याच पिशवीत. ‘कशात कुटलंत?’ पत्नीने खल पुढे केला. तो तिने आदल्याच दिवशी पाण्याने धुऊन फडताळात ठेवला होता. ‘हा दगड आहे, सच्छिद्र असतो. आता हा घरात नको आणि कोणाला द्यायचाही नाही.’ मुलीचे जायफळ उगाळायची सहाण वेगळी होती, तिला मी हात लावला नव्हता, हे सांगताना पत्नीचा आवाज कापत होता. फडकी जाळून टाकू का, असे मी विचारले. त्यावर ते म्हणाले, ‘अहो, हरताळ जाळला की त्याचा सोमल होतो. पांढरा धूर म्हणजे सोमलच. तो सगळ्या आळीनं घ्यायचा का? आणि मोरीतही टाकायचा नाही. सगळं माझ्याकडे द्या. आमच्या प्रयोगशाळेत आर्सेनिकच्या कचऱ्याची बरणी वेगळी असते.’

शेवटी त्यांनी हात पुढे केला आणि टेबलावरच्या पुडीकडे बोट दाखवले. त्या पुडीत काय आहे हे त्यांना ठाऊक नव्हते. मी ती दिली. एका कवीचे, किंवा आणखी कोणाचे, चार-पाच अक्षरांचे नाव अशा रीतीने आर्सेनिकच्या बरणीत गेले.

मुलीला डॉक्टरांकडे नेले. त्यांनी तपासले, ओकारी, पोटात कळ, पेजेसारखे जुलाब यांवर लक्ष ठेवायला सांगितले आणि काहीही दिसले तर त्याच क्षणी रुग्णालयात आणा असे बजावले. दोन रात्री आम्ही दोघे आळीपाळीने जागत बसलो. तिसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी रांगत टेबलाखाली गेली. टेबलाखाली आता काही नव्हते. तिला काही झाले नाही. पत्नी मला एका शब्दानेही बोलली नाही; ते बोलण्यापेक्षा जड होते.

त्या आठवड्यात प्राध्यापकांनी मला प्रयोगशाळेत बोलावले. मला समजावे अशी त्यांची इच्छा असावी. आर्सेनिकच्या क्षाराचे नितळ द्रावण त्यांनी परीक्षानळीत घेतले, आम्ल घातले आणि किपच्या उपकरणातून सडक्या अंड्याच्या वासाचा वायू आत सोडला. पाहता पाहता नळीत लिंबाच्या सालीसारखा पिवळा साका उतरला. ‘हा तुमचा हरताळ. आमच्याकडे बी.एस्सी.ची पोरं दुसऱ्या गटात दर वर्षी ओळखतात.’ जी वस्तू माझ्या मनात पोथी, लेखनिक आणि वाक्प्रचार यांच्याशी जडलेली होती, ती तिथे एक गट क्रमांक धारण करून बसली होती.

मुलगी का वाचली, हेही त्यांनी सांगितले. शुद्ध सल्फाइड पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. पोटात गेलेले बरेचसे तसेच बाहेर पडते. सोमल तसा नसतो. म्हणूनच हरताळ हा सोमलाच्या मानाने सौम्य. पण या सौम्यपणावर विसंबण्यात तीन धोके आहेत. निसर्गातला हरताळ क्वचितच शुद्ध असतो, त्यात थोडाफार सोमल मिसळलेला असतोच. दुसरे, उजेड आणि हवा यांनी त्याच्या पृष्ठभागावर हळूहळू सोमल तयार होतो. जुन्या पोथीतला निस्तेज, पांढुरका झालेला हरताळ म्हणूनच अधिक संशयाचा. तिसरा धोका पुडीचा. खडा हातात घेतला तर हात धुऊन भागते. तोच कुटला की त्याचा पृष्ठभाग कैक पटींनी वाढतो, तो श्वासावाटे फुप्फुसांत उतरतो आणि तिथून लवकर निघत नाही. ‘तुम्ही पान खाता ना?’ त्यांनी मधेच विचारले. मी खात असे. ‘चुना लागलेल्या बोटानं हरताळ हाताळू नका. क्षारात तो विरघळतो. पूर्वी हरताळ आणि चुना मिसळून केस काढायचा लेप करीत, तो याच गुणावर.’

थोडे थोडे आर्सेनिक वर्षानुवर्षे पोटात गेले तर तळहाताची आणि तळपायाची कातडी जाड होते, अंगावर काळे-पांढरे ठिपके उठतात आणि पुढे त्वचेचा, फुप्फुसाचा, मूत्राशयाचा कर्करोग संभवतो. पश्चिम बंगाल आणि बांगलादेशातील खेड्यांनी हे कूपनलिकांच्या पाण्यातून भोगले आहे. तिथले आर्सेनिक जमिनीच्या पोटातले, आमच्या टेबलावरचे गांध्याच्या दुकानातले, पण शरीर त्यांच्यात भेद करीत नाही. कामाच्या जागेच्या हवेत आठ तासांच्या सरासरीने घनमीटरमागे १० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक आर्सेनिक नसावे, असा नियम अमेरिकेत १९७८ मध्ये झाला. पंख्याखाली खल घेऊन बसलेल्या मला त्या आकड्याची कल्पना असती तर, असे मी कधी म्हणत नाही. कल्पना असती तरीही मी ते केलेच असते, इतका मी त्या पट्टीच्या मागे लागलो होतो.

इथवरचा भाग मी मित्रांना सांगत आलो. उंबेर्तो एको यांची १९८० ची ती प्रसिद्ध कादंबरी, जिच्यात बोटाला थुंकी लावून पाने उलटणारे वाचक विषाने मरतात, तिचा विषय निघाला की माझी गोष्ट हमखास रंगे. अलीकडे तिला नवे पुरवणे मिळाले. एकोणिसाव्या शतकातील हिरव्या कापडी बांधणीच्या पुस्तकांत आर्सेनिकयुक्त रंग असल्याचे लक्षात येऊन २०१९ पासून अमेरिकेतील विंटरथर संग्रहालयाने अशा पुस्तकांची यादी करायला घेतली; २०२४ मध्ये फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने अशी चार पुस्तके वाचकांपासून दूर ठेवली. लोक आश्चर्य करतात. बोट ओले करून पोथीचे पान उलटणाऱ्या आपल्या शास्त्र्यांच्या पिढ्या मला आठवतात.

न सांगितलेला भाग असा. १९८८ मध्ये मी प्रबंध सादर केला. शेवटच्या पानाविषयी त्यात एक तळटीप आहे: ‘येथील चार-पाच अक्षरे हरताळाने झाकलेली असून वाचता येत नाहीत.’ या वाक्यातील प्रत्येक शब्द, मी पान हाती घेतले त्या दिवसापुरता, खरा होता. परीक्षकांनी तिथे थांबून काही विचारले नाही. पदवी मिळाली. पुढे तो प्रबंध पुस्तकरूपाने निघाला, तीच तळटीप कायम राहिली. पोथी मी बासनात बांधून आजींना परत केली. त्यांनी ती उघडून पाहिली नाही, माझ्यासमोर देवाजवळ ठेवली आणि हातावर साखर घातली. मी तेव्हा सांगू शकलो असतो. आजी १९९४ मध्ये गेल्या.

त्यानंतरच्या काळात मी समीक्षक म्हणून ओळखला जाऊ लागलो. इतरांच्या आवृत्त्यांतील ढिलाई दाखवणे हा माझ्या लेखनाचा एक भागच झाला. एका तरुण संपादकाने एका पोथीतील दुरुस्त्यांची नोंद न करता पाठ छापला, तेव्हा ‘लेखनिकाने लावलेला हरताळ निदान दिसतो, संपादकाने लावलेला दिसत नाही’ असे वाक्य मी परीक्षणात लिहिले होते. ते पुष्कळांना आवडले. तो संपादक पुढे या क्षेत्रात फारसा राहिला नाही. माझ्या वाक्यामुळेच असे म्हणण्याचा अहंकार मला नाही, पण ते वाक्य लिहिण्याचा अधिकार मला नव्हता, हे मात्र लिहिताना मला ठाऊक होते.

गेल्या वर्षी आजींच्या नातवाचे पत्र आले. घरातील पोथ्यांची त्याने एका संस्थेकडून छायाचित्रे काढून घेतली होती. साध्या प्रकाशात आणि अवरक्त किरणांतही. अवरक्त किरणांत हरताळ जवळजवळ पारदर्शक होतो आणि काजळाची शाई काळीच राहते. त्यामुळे पोथीला स्पर्शही न करता त्याखालची अक्षरे वाचता येतात. त्याने चाळीस ठिकाणची छायाचित्रे पाठवली होती. प्रत्येक ठिकाणी लेखनिकाची मूळ चूक स्वच्छ दिसत होती: ‘व’चा ‘ब’, वरच्या ओळीतून नजर घसरून आलेला एखादा शब्द, ऱ्हस्वाचे दीर्घ. सगळ्या साध्या, कोणाच्याही हातून व्हाव्यात अशा चुका. शेवटच्या पानाचे छायाचित्र त्याने वेगळे जोडले होते. त्यात काहीच नव्हते. ‘आपल्या पुस्तकात या जागी हरताळ आहे असे म्हटले आहे, छायाचित्रात हरताळही दिसत नाही, कागद घासलेला दिसतो. आपण पाहिले तेव्हा कसे होते?’ असे त्याने विचारले होते. संशयाचा एक शब्दही त्यात नव्हता.

मी हातात पाते घेतले नसते तर आज ते नाव, किंवा ती साधीशी चूक, कोणालाही वाचता आली असती. थांबायला हवे होते ते सुमारे अडतीस वर्षे. दोनशे वर्षे थांबलेल्या पानाच्या दृष्टीने ते काही फार नव्हते.

मी त्याला दोन पानी उत्तर लिहिले. पहिल्या पानावर जे घडले ते, तारखेसह. ही माहिती छायाचित्रांबरोबर नोंदवावी, आणि माझ्या पुस्तकाची प्रत कोणाकडे असेल तर ती तळटीप चुकीची मानावी, असे लिहिले. माझ्याकडच्या प्रतीत मी ती तळटीप एका रेघेने खोडली आहे, खालचे वाक्य वाचता येईल अशी.

दुसरे पान लिहावे लागले, कारण पत्राच्या शेवटी त्याने सहज लिहिले होते की पोथी आता दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात आहे आणि त्याची मुले ती पाहुण्यांना काढून दाखवतात. म्हणून मी लिहिले: पोथी उन्हापासून आणि प्रखर दिव्यापासून दूर, बंद पेटीत ठेवा. मुलांच्या हाती देऊ नका. हाताळताना रबरी, शक्यतो नायट्राइलचे हातमोजे घाला. सुती नकोत, त्यांतून पूड आरपार जाते आणि त्यांतच राहते. बोटाला थुंकी लावू नका. पिवळी पूड सुटलेली दिसली तर फुंकर मारू नका, झाडू नका, साध्या व्हॅक्यूम क्लीनरने ओढू नका. पेटीचा तळ ओल्या फडक्याने टिपा आणि ते फडके पिशवीत बांधून त्याच संस्थेच्या प्रयोगशाळेकडे द्या. काम करताना तोंडावर नीट बसणारा मुखवटा असू द्या. खाणेपिणे, पान, तंबाखू त्या टेबलावर नको. काम संपले की हात साबणाने धुवा, नखांसह. आणि बासनावर एक चिठ्ठी शिवून टाका, म्हणजे पुढे ज्याच्या हाती पोथी जाईल त्याला न विचारता कळेल.

चिठ्ठीचा मजकूर मीच लिहून पाठवला: ‘या पोथीत हरताळ आहे. त्यात आर्सेनिक असते. शेवटच्या पानावरचा हरताळ १९८७ मध्ये एका अभ्यासकाने खरवडून काढला. खालची अक्षरे त्यातच गेली.’ खाली माझी सही केली आणि सहीखाली नाव सुट्या, ठळक अक्षरांत लिहिले.